पाहता येणारे, पण सांगता न येणारे कागद
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



एप्रिल १९१६ मध्ये दोन दूरच्या गावी दोन घटना घडल्या. बेळगावात मुंबई प्रांतिक परिषदेच्या वेळी लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिन शहरातील मुख्य टपाल कचेरीचा ताबा घेऊन आयरिश बंडकऱ्यांनी प्रजासत्ताकाची घोषणा केली. होमरूल हा शब्द मुळात आयर्लंडच्या राजकारणातला. तो मराठी माणसाच्या तोंडी असा रुळला की पुढे कोणाला त्याच्या जन्मगावाची आठवणही राहिली नाही. भारताची राज्यघटना सिद्ध होत असता मार्गदर्शक तत्त्वांची कल्पनाही त्याच देशाच्या घटनेतून घेण्यात आली. तेव्हा सीमाभागातील एका मराठी वाचनालयाच्या व्यासपीठावर आयर्लंडच्या संसदेची एक हकीकत सांगणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

हकीकत बँकांची आहे आणि कागदांची आहे. ज्या बँका जनतेच्या पैशाने तगवाव्या लागल्या, त्या बँकांचे गोपनीय कागद जनतेच्या प्रतिनिधींना पाहायला मिळावेत काय, हा तिचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कोणीही क्षणात देईल. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पाहिलेला कागद त्या प्रतिनिधींना उघड बोलून दाखवता यावा काय? आयर्लंडच्या समितीला पहिला अधिकार पुष्कळसा मिळाला, दुसरा फारच थोडा मिळाला, आणि या दोहोंमधील अंतरात तिचे बरेचसे बळ खर्ची पडले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडची भरभराट सुरू झाली. पुढे तिचा डोलारा घरबांधणीच्या आणि जमिनीच्या किमतींवर उभा राहू लागला आणि बँकांनी बांधकाम व्यावसायिकांना सढळ हाताने कर्जे दिली. २००८ च्या सप्टेंबरात जगाचा पतपुरवठा आटला तेव्हा या बँकांच्या पायाखालची वाळू सरकली. २९ सप्टेंबरच्या रात्री डब्लिनमध्ये पंतप्रधान ब्रायन कॉवेन, अर्थमंत्री ब्रायन लेनिहान, मध्यवर्ती बँकेचे अधिकारी आणि दोन मोठ्या बँकांचे प्रमुख यांच्या खलबतांत मध्यरात्र उलटून गेली. आणि सकाळी सरकारने जाहीर केले की सहा वित्तसंस्थांच्या ठेवींची व बहुतेक देण्यांची हमी दोन वर्षांसाठी सरकार घेत आहे. या हमीखाली आलेल्या देण्यांचा आकडा साधारणपणे ४४० अब्ज युरो असा सांगितला जातो. बँकांना सावरण्यासाठी पुढे सरकारने प्रत्यक्ष ओतलेले भांडवल ६४ अब्ज युरोंचे होते. जेमतेम पंचेचाळीस लाख वस्तीचा तो देश. लहान मूल धरून माणशी सुमारे १४ हजार युरो पडतात. २०१० च्या नोव्हेंबरात युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्यापुढे हात पसरावा लागला आणि ८५ अब्ज युरोंचा कार्यक्रम ठरला. त्याबरोबर पगारकपात, करवाढ आणि तरुणांचे परदेशगमन आले. आयर्लंडला देशांतराचा इतिहास नवा नाही; परंतु सुबत्तेची दोन दशके उपभोगून पुन्हा मुलांना विमानतळावर निरोप देण्याची पाळी आल्यावर लोक विचारू लागले, त्या रात्री नेमके झाले काय?

उत्तर शोधण्याचे प्रयत्न लगेच झाले. २०१० मध्ये दोन अहवाल आले. २०११ मध्ये फिनलंडचे पीटर नायबर्ग यांच्या आयोगाचा अहवाल आला. त्या आयोगाचे काम बंद दाराआड चालले होते. अहवाल विद्वत्तापूर्ण होते, पण लोकांचे समाधान झाले नाही. लोकांना साक्षीदाराचा चेहरा पाहायचा होता. संसदेने उघड चौकशी करावी, अशी मागणी वाढत गेली.

येथे संसदेचेच हात बांधलेले होते. २००० साली ॲबीलारा या गावी पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा मृत्यू झाला होता. त्याची चौकशी संसदेच्या उपसमितीने आरंभताच पोलीस न्यायालयात गेले, आणि २००२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सभागृहाबाहेरच्या नागरिकाच्या लौकिकाला बट्टा लागेल असे निष्कर्ष काढण्याचा अंगभूत अधिकार संसदेला नाही. तो अधिकार मिळावा म्हणून २०११ च्या ऑक्टोबरात घटनादुरुस्तीवर सार्वमत घेण्यात आले. जनतेने ते फेटाळले, मोठ्या फरकाने नव्हे, पण फेटाळले. बँकांवर संतापलेल्या जनतेने राजकारण्यांच्या हाती न्यायाधीशाचा दंड देण्याचे नाकारले, यातील शहाणपण विसरता येत नाही. अखेर २०१३ मध्ये मर्यादित अधिकारांचा कायदा झाला. समितीने साक्षी घ्याव्यात, कागद मागवावेत, घडलेले नोंदवावे. मात्र अमुक मनुष्य दोषी, असे म्हणू नये.

या कायद्याखाली अकरा सदस्यांची संयुक्त समिती बसली. अध्यक्ष किरॉन लिंच. पहिली जाहीर साक्ष १७ डिसेंबर २०१४ रोजी झाली, ती त्याच नायबर्ग यांची. कागदांचा ओघ सुरू झाला आणि लाखो पाने समितीपुढे येऊन पडली. त्याबरोबर कुलुपेही आली.

पहिले आणि सर्वांत जड कुलूप म्हणजे तेथील मध्यवर्ती बँकेच्या १९४२ च्या कायद्यात २००३ साली घातलेले ३३ एके हे कलम. बँकेच्या अधिकाऱ्यांना कामाच्या ओघात कळलेली गोपनीय माहिती त्यांनी उघड करू नये. केल्यास तो फौजदारी गुन्हा. वाचताक्षणी कोणालाही हे जुलमी वाटेल. तसे ते नाही. गावातील एखाद्या सहकारी बँकेच्या व्यवस्थापकाने चहाच्या टपरीवर बसून अमुक व्यापाऱ्याचे दोन हप्ते थकले आहेत असे सहज म्हटले, तर संध्याकाळपर्यंत त्या व्यापाऱ्याला उधारीवर पोतेभर साखर मिळणार नाही. रिझर्व्ह बँकेचा तपासनीस अमुक बँकेत चार दिवस ठाण मांडून आहे एवढी कुणकुण लागली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोर ठेवीदारांची रांग लागते; आणि रांग लागल्यावर धडधाकट बँकही आजारी पडते. बँकेचा तपासनीस घरातील वैद्यासारखा असतो. रोग्याने त्याला सारे सांगावे ही अपेक्षा असेल, तर त्याने ते चव्हाट्यावर मांडू नये, ही अट ओघानेच येते. ठेवीदाराचे आणि प्रामाणिक कर्जदाराचे रक्षण हा त्या गुप्ततेचा मूळ हेतू आहे आणि त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

पण समिती कामाला लागली तेव्हा त्या रात्रीला सहा वर्षे उलटली होती. ज्या अँग्लो आयरिश बँकेने सर्वांत मोठा खड्डा पाडला, ती बँक म्हणून उरलीच नव्हती. तिचे आणि दुसऱ्या एका बुडीत संस्थेचे एकत्रीकरण होऊन २०१३ च्या फेब्रुवारीत त्या संयुक्त संस्थेचेही अवसायन सुरू झाले होते. दारासमोर रांग लागेल असे दारच नव्हते. मेलेल्या रोग्याची नाडी गुप्त ठेवून कोणाचे रक्षण होणार? शिवाय या गुप्ततेच्या पांघरुणाखाली दोन निराळ्या गोष्टी एकत्र झाकल्या जातात. एक, ग्राहकाची माहिती. ती त्याची मालमत्ता आहे. दुसरी, नियामकाचे स्वतःचे वर्तन: त्याने बँकेला कोणते इशारे दिले, दिले नसतील तर का दिले नाहीत, तपासणी अहवालावर वरिष्ठाने काय शेरा मारला आणि तो अहवाल कोणत्या टेबलावर किती महिने पडून राहिला. ही दुसरी माहिती ग्राहकाची नव्हे. नियामक ज्याच्या वतीने काम करतो त्या जनतेची ती आहे. कलमाच्या शब्दांत हा भेद पुरेसा स्पष्ट नव्हता आणि बँकिंग कायद्यांची जी सर्वसाधारण घडण आहे, तीत तो क्वचितच स्पष्ट असतो.

या कलमामागे युरोपीय संघाच्या निर्देशाचे बळ होते. तेव्हा आयर्लंडच्या संसदेला ते मनाला येईल तसे वाकवता येत नव्हते. २०१३ च्या त्या निर्देशात संसदीय चौकशी समितीसाठी एक दरवाजा ठेवलेला आहे, पण त्याची चौकट अरुंद आहे. समितीचे कार्यक्षेत्र नेमके आखलेले हवे. माहिती त्या कामापुरतीच, अत्यावश्यक तेवढीच द्यावी. ती घेणाऱ्यांवरही तेच गुप्ततेचे बंधन राहील. आणि माहिती दुसऱ्या सदस्य देशाकडून आलेली असेल, तर त्या देशाच्या अधिकाऱ्यांच्या स्पष्ट संमतीवाचून ती देता येणार नाही. या दरवाजातून जाता यावे म्हणून आयर्लंडने २०१५ च्या आरंभी आपल्या मध्यवर्ती बँक कायद्यात दुरुस्ती केली. चौकशीसाठी समिती नेमल्यावर, साक्षी सुरू झाल्यावर, तिला कागद मिळावेत म्हणून कायदा बदलावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दुरुस्ती झाली आणि कागद आले. पुढे काय घडे, ते त्या समितीच्या छापील कामकाजात पानोपानी दिसते. प्रत्येक साक्षीच्या आरंभी अध्यक्ष लिंच एक लांबलचक निवेदन वाचत. साक्षीदाराला कोणते संरक्षण आहे. फौजदारी खटले चालू असल्यामुळे कोणती सावधगिरी बाळगावी. मध्यवर्ती बँकेच्या अधिकाऱ्यांवर आणि आता समितीवरही व्यावसायिक गुप्ततेचे कोणते बंधन आहे. आणि त्यामुळे काही माहिती केवळ सारांशरूपाने अथवा एकत्रित आकड्यांच्या रूपाने, म्हणजे कोणतीही एक संस्था ओळखू येणार नाही अशा रीतीने, हाताळावी लागेल. त्यानंतर प्रेक्षकांसाठी सूचना असे. कागद सभागृहातील पडद्यांवर दाखवले जातील. तथापि ते गोपनीय आहेत, याचे नागरिकांनी व पत्रकारांनी भान ठेवावे आणि ते प्रसिद्ध करू नयेत.

या दृश्याची कल्पना करावी. सभागृह उघडे आहे, प्रक्षेपण चालू आहे. पडद्यावर कागद झळकतो आहे. सज्जात बसलेला वार्ताहर तो वाचू शकतो, पण उतरवून छापू शकत नाही. सदस्य प्रश्न विचारतो, पण बँकेचे नाव घेताना अडखळतो. साक्षीदार, ज्याने बहुधा तो कागद स्वतः लिहिला किंवा वाचला होता, म्हणतो की कलम ३३ एकेमुळे याहून अधिक बोलता येणार नाही. देशात उण्यापुऱ्या सहा संस्थांची गोष्ट चालू आहे आणि त्यांतील कोणती, हे ओळखू येता कामा नये! एकत्रित आकड्याचा गुण असा की तो कोणावरच बोट ठेवत नाही. सहा संस्थांपैकी एकीची कर्जे अफाट वाढली आणि दुसरीची बेताने वाढली, तर सरासरीत दोघीही सभ्य दिसतात. चौकशीला सरासरी नको असते. अफाट वाढलेले कर्ज कोणाच्या नजरेसमोर वाढले, हे तिला हवे असते.

फौजदारी खटल्यांचे कुलूप समजण्यासारखे होते. आरोपीला निःपक्षपाती ज्यूरी मिळाली पाहिजे, हे तत्त्व समितीच्या कुतूहलापेक्षा मोठे आहे. अँग्लो आयरिश बँकेचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी अमेरिकेतून दूरचित्राद्वारे साक्ष द्यायला तयार होते. समितीने नकार दिला. पुढे २०१८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. खटला निकोप राहिला, पण त्याची किंमत म्हणून कथेतील एक प्रमुख पात्र रंगमंचावर आलेच नाही.

मंत्रिमंडळाच्या गुप्ततेचे कुलूप अधिक जुने. १९९२ मध्ये, गोमांस निर्यातीच्या चौकशीच्या वेळी, तेथील सर्वोच्च न्यायालयाने मंत्रिमंडळातील चर्चा संपूर्ण गोपनीय असल्याचा निर्णय दिला. १९९७ मध्ये सार्वमताने घटनेत दुरुस्ती होऊन थोडी फट ठेवण्यात आली: न्यायदानासाठी, किंवा संसदेच्या संमतीने नेमलेल्या न्यायाधिकरणाने सार्वजनिक हिताच्या कारणास्तव मागणी केल्यास, उच्च न्यायालय ही गुप्तता उठवू शकते. संसदेच्या स्वतःच्या समितीचा त्यात उल्लेख नाही. गंमत अशी की त्या रात्री गुप्त ठेवावे असे लिखित फारसे नव्हतेच. मंत्रिमंडळाची बैठक एका टेबलाभोवती भरली नाही. मंत्र्यांना मध्यरात्रीनंतर घरी दूरध्वनी करून संमती घेण्यात आली. वाटाघाटींची तत्काळ केलेली टिपणेही अपुरी निघाली. अर्थमंत्री लेनिहान २०११ च्या जूनमध्ये निवर्तले होते. कुलूपबंद कपाट मोठ्या प्रयासाने उघडावे आणि आतला खण रिकामा असावा, तसे हे झाले. गोपनीयतेची चर्चा करताना एक विसरले जाते, की कागद पुढे कधी तरी मागितला जाईल ही भीती असेल, तर हुशार माणसे कागद करतच नाहीत. चौकशीचा सर्वांत मोठा शत्रू लपवलेला कागद नव्हे, न लिहिलेला कागद होय.

आता किलमेनहॅम. युरोपीय मध्यवर्ती बँकेने समितीपुढे साक्ष देण्यास नकार दिला. ही बँक युरोपीय संसदेला उत्तरदायी आहे, एखाद्या राष्ट्राच्या संसदेला नाही, ही तिची भूमिका होती. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ती टिकणारीही होती. पण आयर्लंडला हवे असलेले कागद तर तिच्याच कपाटात होते. १९ नोव्हेंबर २०१० रोजी बँकेचे तत्कालीन अध्यक्ष ज्याँ-क्लोद त्रिशे यांनी लेनिहान यांना एक पत्र पाठवले होते. आयर्लंडने मदतीचा अर्ज केला नाही, तर त्याच्या बँकांना चालू असलेला तातडीचा पतपुरवठा पुढे मंजूर होणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. दोनच दिवसांनी आयर्लंडने अर्ज केला. चार वर्षे ते पत्र गुप्त राहिले. एका पत्रकाराने मागितले, तेव्हा बँकेने नाकारले. प्रकरण युरोपीय लोकपालापर्यंत गेले. अखेर ६ नोव्हेंबर २०१४ रोजी बँकेने ते स्वतःच प्रसिद्ध केले. ते वाचल्यावर असे काही दिसले नाही की ज्याच्या प्रसिद्धीने युरोपचे चलन डळमळावे. दिसला तो एका सार्वभौम सरकारवर आलेला दाब. आणि तो लपवावासा वाटणे स्वाभाविक असले, तरी समर्थनीय नाही.

त्रिशे साक्षीला आले नाहीत, डब्लिनला मात्र आले. ३० एप्रिल २०१५ रोजी एका अभ्याससंस्थेने किलमेनहॅमच्या जुन्या शाही रुग्णालयाच्या वास्तूत त्यांचे व्याख्यान ठेवले. समितीचे सदस्य तेथे श्रोते म्हणून बसले आणि व्याख्यानानंतर त्यांनी प्रश्न विचारले. शपथ नव्हती, समन्स नव्हते, कागद मागवण्याचा अधिकार नव्हता. देशाच्या संसदेची चौकशी समिती व्याख्यानाच्या प्रश्नोत्तरांतून आपले काम करीत होती. त्या वास्तूपासून जवळच किलमेनहॅमचा तुरुंग आहे. १९१६ च्या उठावाचे नेते त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेथे गोळ्या झेलून गेले. एवढ्या जवळ बसून प्रश्न विचारताना एखाद्या सदस्याच्या मनात कोणते विचार आले असतील, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

अहवाल २७ जानेवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. निवडणूक तोंडावर होती, घाई दिसते. अकरांपैकी नऊ सदस्यांनी सह्या केल्या. जो हिगिन्स आणि पिअर्स डॉहर्टी या दोघांनी केल्या नाहीत. अहवाल टाकाऊ मुळीच नाही. साक्षींचे जे खंड त्याबरोबर प्रसिद्ध झाले, ते पुढच्या इतिहासकाराला सोन्याच्या खाणीसारखे आहेत. त्यांत जागोजागी काळ्या पट्ट्या आहेत, तरीही.

भारतातील चित्र याच्या उलट आहे, आणि त्याचा विचार केल्यावाचून आयर्लंडची हकीकत केवळ परक्याची कहाणी राहील. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांतील २७० वा नियम समितीला माणसे, कागद व अभिलेख मागवण्याचा अधिकार देतो. शब्द भरघोस आहेत; पण त्यालाच दोन परंतुके जोडलेली आहेत. एखादा कागद विषयाशी संबंधित आहे की नाही, असा प्रश्न उठल्यास तो अध्यक्षांकडे जाईल आणि त्यांचा निर्णय अंतिम राहील. आणि एखादा कागद उघड करणे राष्ट्राच्या सुरक्षिततेला वा हिताला बाधक होईल, या कारणावर सरकार तो सादर करण्याचे नाकारू शकेल. सुरक्षितता हा शब्द तरी मोजता येतो; हित हा शब्द रबरासारखा आहे. त्यापुढील २७५ वा नियम समितीची साक्ष, अहवाल आणि कामकाज सभागृहाच्या पटलावर येईपर्यंत गोपनीय ठरवतो. समितीच्या साक्षी बंद दाराआड होतात. आयर्लंडने दार उघडे ठेवले आणि कागदाला कुलूप घातले. भारतात कागद पुष्कळदा आत जातो, कुलूप दारालाच असते.

याचा अनुभव १९९२ मध्ये आला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईतील रोखे व्यवहारांचा घोटाळा वृत्तपत्रातून उघडकीस आला. रिझर्व्ह बँकेने डेप्युटी गव्हर्नर आर. जानकीरामन यांची समिती नेमली. अडकलेल्या रकमेचा अंदाज चार हजार कोटी रुपयांवर गेला. ऑगस्टमध्ये राम निवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली तीस सदस्यांची संयुक्त संसदीय समिती बसली. कारस्थानाचे मर्म ज्या कागदात होते, तो कागद अगदी साधा होता. रोखे विकणारी बँक घेणाऱ्या बँकेला एक पावती देई, की रोखे नंतर मिळतील, पैसे पोचले. तिला बँकर्स रिसीट म्हणत. मागे रोखेच नसताना दिलेल्या अशा पावत्यांवर कोट्यवधी रुपये फिरले. त्या पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराडचे नाव निघाले, आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावरील गावाचे नाव दिल्लीच्या समितीच्या कागदपत्रांत गेले. १९९२ च्या मे महिन्यात ती बँक अवसायनात गेली. तिचा कारभार पुढे बँक ऑफ इंडियाकडे आला. तेथील साध्या ठेवीदाराला, ज्याने शेतातल्या उसाचे बिल किंवा निवृत्तीचा फंड विश्वासाने ठेवला होता, मुंबईत चाललेल्या त्या पावत्यांची वार्ताही नव्हती. ज्या गुप्ततेने त्याचे रक्षण व्हायचे, तिने त्याला अंधारात ठेवले.

मिर्धा समितीपुढे मंत्र्यांनीही हजेरी लावली. आर्थिक समित्यांपुढे मंत्र्यांना बोलावू नये असा संकेत असताना, अध्यक्षांच्या परवानगीने अर्थमंत्री मनमोहन सिंग यांची साक्ष झाली. ही मोठी गोष्ट होती. तिचा अहवाल १९९३ च्या डिसेंबरात पटलावर आला आणि त्यात नियामकांवर व सरकारवर टीकाही होती. पण प्रश्न विचारला तेव्हा उत्तर देणाऱ्याचा आवाज कोठे दबला, कोणता कागद समोर ठेवल्यावर तो गप्प झाला, हे नागरिकाने पाहिले नाही. त्याला निष्कर्ष मिळाले. निष्कर्षाकडे जाणारी वाट मिळाली नाही.

निराळी रीत या देशाला अपरिचित होती असे नव्हे. १९५७ च्या डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत मुंध्रा प्रकरण उभे केले, तेव्हा अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि त्यांचे सचिव यांच्यातील गोपनीय पत्रव्यवहार त्यांच्या हाती आला होता. आयुर्विमा महामंडळाने एका उद्योगपतीच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवल्याचे ते प्रकरण. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने चौकशी जाहीर केली, बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले एवढी गर्दी लोटली, आणि चोवीस दिवसांत काम आटोपले. अर्थमंत्र्यांना जावे लागले. ती चौकशी न्यायाधीशाची होती, संसदेची नव्हे, हे खरे. पण कागद उघड्यावर वाचला गेल्याने विमाधारकांची पळापळ झाली, असे काही घडले नाही.

पुढे माहितीचा अधिकार आला आणि जे संसदेच्या समितीला सार्वजनिकरीत्या मिळत नव्हते, ते एखादा नागरिक दहा रुपयांच्या अर्जाने मागू लागला. रिझर्व्ह बँकेने तपासणी अहवाल देण्यास नकार दिला. बँकांशी आपले नाते विश्वस्ताचे आहे, असे तिचे म्हणणे होते. १६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. रिझर्व्ह बँकेचे कर्तव्य जनतेप्रति आहे, बँकांची गुपिते राखण्याचे नाही, अशी त्या निर्णयाची दिशा होती. ग्राहकाची माहिती आणि नियामकाचे वर्तन यांतील जो भेद डब्लिनमध्ये धूसर राहिला, तो येथे निदान अर्धा उजेडात आला. मात्र बँका स्वस्थ बसल्या नाहीत. तपासणी अहवाल उघड झाल्यास खातेदारांच्या खाजगीपणाला धक्का बसेल, असे म्हणत त्या पुन्हा न्यायालयाच्या दारी गेल्या. आणि २०१५ च्या निर्णयात खाजगीपणाच्या हक्काचा पुरेसा विचार झालेला नाही, असे प्रथमदर्शनी मत नोंदवून सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका ऐकण्याचे मान्य केले. या खेपेला बँकांच्या हाती युक्तिवाद होता तो ठेवीदाराच्या नावाचाच.